खुंटीचं पदक

भाजलेल्यांच्या वॉर्डात तिला सगळे ‘खुंटी’ म्हणत, तेही तोंडावर. एकदा ठोकली की जागची हलायची नाही, म्हणून. तिला त्याचा राग नव्हता. उलट नव्या नर्सला ती स्वतःच सांगायची, “काही अडलं तर खुंटीला विचार.”

कामाला मात्र बाई सोन्यासारखी. जखमेला चिकटलेली पट्टी इतर जणी घाईने ओढत आणि रुग्ण वॉर्ड डोक्यावर घेत. ही कोमट सलाइनने पट्टी भिजवायची, स्टूल ओढून बसायची आणि ती सुटेपर्यंत घरच्या चौकश्या करायची. पट्टी कधी निघाली ते पुष्कळांना कळायचंही नाही. अशा बाईला नाही द्यायचं, तर देशाचं सेवापदक द्यायचं तरी कुणाला?

ते पदक दर वर्षी देशभरातल्या मोजक्या नर्सना मिळायचं. यंदा इस्पितळाने खुंटीचं नाव पाठवलं होतं. पण त्या इस्पितळात पूर्वीपासून एक समजूत होती, की लांबची रजा घेतली की नाव कटतं. म्हणून खुंटीने लांबची रजा कधी टाकलीच नाही. लेकीच्या पहिल्या बाळंतपणालाही नाही. लेक परगावी. बाळंतपण जिवावर बेतलं, रक्त चढवावं लागलं आणि तिच्या उशाशी बसली होती शेजारीण. “पदक मिळालं की कळव,” एवढंच लेक नंतर बोलली. तेव्हापासून फोनवर फक्त ‘हं’ आणि ‘बरं, ठेवते’. खुंटीने मनाशी धरून ठेवलं होतं, की एकदा पदक पोरीच्या हातात देईन, मग तिला कळेल आई कुठे होती ते.

लेकीचे पुन्हा दिवस भरत आले होते आणि नोटीस बोर्डावर कागद लागला. सेवापदक यंदापासून बंद. कारण दिलेलं नव्हतं. माणसं उभा जन्म घालवतात आणि वर बसलेल्यांना एक ओळ लिहायचा कंटाळा येतो, याला काय म्हणावं!

गेल्या वर्षी पदक मिळालेली, मुलांच्या विभागातली जुनी सिस्टर सांत्वनाला आली.

“एवढी रजा जपली, ताई,” खुंटी म्हणाली. “सगळं पाण्यात गेलं.”

“रजेचा काय संबंध? मी तर गुडघ्याच्या ऑपरेशनला कितीतरी महिने घरी होते. रजा कोण बघतंय गं!”

रजेने नाव कटतं हे खुंटीला ज्या बाईने सांगितलं होतं, ती कधीच निवृत्त झालेली. तिनेही ते कुणाकडून तरी ऐकलेलंच. नियम काय आहे हे विचारायचं एवढ्या वर्षांत कुणालाच सुचलं नव्हतं. त्या दुपारी ड्रेसिंगच्या खोलीचं दार लावून ती रडली. बाहेरच्यांना वाटलं, पदकासाठी रडतेय.

दुसऱ्या दिवशी तिने अर्ज दिला. मेट्रनबाई चष्मा काढून बघत राहिल्या. “खुंटी, तू? आणि रजा?”

“लेकीकडे जायचंय, बाई.”

लेकीने दार उघडलं. एक हात कमरेवर, पायांना सूज. आईच्या हातातल्या बॅगेकडे तिने नुसतं पाहिलं.

“बंद झालं म्हणे तुझं पदक.”

“हो.”

“म्हणून आलीस?”

बसमध्ये खुंटीने पुष्कळ उत्तरं जुळवली होती. वॉर्डातल्या रुग्णांचं सांगायचं, वयाचं सांगायचं, नातवंडाच्या ओढीचं सांगायचं. त्यातलं एकही तिने दिलं नाही.

“हो,” ती म्हणाली. “बंद झालं नसतं, तर याही वेळी आले नसते.”

लेकीचा चेहरा एकदम लहान मुलीसारखा झाला.

“मला वाटलं होतं, मी मरतेय,” ती म्हणाली. “शेजारच्या काकू फार चांगल्या आहेत गं. पण मला तू हवी होतीस.”