दगडाच्या कपचीवरची हजेरी

आमच्या मॉरिसव्हिलच्या घरी लेकीनं डायनिंग टेबलावर साखरेच्या खड्यांचा पिरॅमिड रचायला घेतला होता. शाळेचा प्रोजेक्ट. "बाबा, पिरॅमिड बांधणारे लोक, दे वेअरन्ट स्लेव्ह्ज," ती म्हणाली. "त्यांना ब्रेड मिळायचा, बीअर मिळायची. डॉक्टरपण होते."

मी कान टवकारले. फुकट खाऊपिऊ घालणाऱ्या मालकावर माझा तिळमात्र विश्वास नाही. आमच्या ऑफिसातही जेवण फुकट आणि सुट्टी अमर्याद. हवी तेवढी घ्या, कारणसुद्धा सांगू नका. पण गेल्या वर्षी एक सहकारी तीन आठवडे पुण्याला जाऊन आला आणि महिन्याभरात त्याची नोकरी गेली. दोन्हींचा काही संबंध नाही, असं सगळे एका सुरात म्हणाले, तिथंच मला शंका आली. माझ्यासारख्या व्हिसावरच्या माणसाची नोकरी गेली की गाशा गुंडाळून देश सोडायला दोन महिने मिळतात.

आणि पुढच्या महिन्यात नागपूरला आईच्या खुब्याचं ऑपरेशन होतं. "सुट्टी भेटत असन तरच ये रे," ती फोनवर म्हणाली होती. मी मॅनेजरकडे आडून विषय काढला, तर तो हसून म्हणाला, "टेक ऑल द टाइम यू नीड." तो का हसला असेल, याचाच मी आठवडाभर कीस पाडत बसलो.

इकडे लेक पुढं वाचत होती. राजांची थडगी खोदणाऱ्या कामगारांची हजेरी दगडाच्या कपचीवर लिहिलेली सापडली आहे. एकाला विंचू चावला, गैरहजर. एक घरी बीअर करत होता, गैरहजर. एक आईचं प्रेत कापडात गुंडाळत होता.

"आणि मुकादमानं सोडलं त्याला?"

"लिहून ठेवलंय ना, बाबा!"

"नंतर बघून घेतलं असेल," मी म्हटलं. मुकादम आतल्या गाठीचाच असणार.

अंगणातल्या एका चपट्या दगडावर तिनं मार्करनं आमच्या घराची हजेरी मांडली होती, तो माझ्यापुढं सरकवला. ती स्वतः: बर्फ पडला, गैरहजर. तिची आई: ताप, गैरहजर. खाली मी. आजोबा गेले: हजर.

"हे काय लिहिलंयस?"

"यू वेअर ऑन अ कॉल," ती सहज म्हणाली.

खरंच होतं. नागपूरला माझ्या बाबांना स्मशानात नेत होते तेव्हा मी स्क्रीनच्या एका कोपऱ्यात ते बघत होतो आणि उरलेल्या स्क्रीनवर मीटिंग चालू होती. सुट्टी कुणी नाकारली नव्हती. मी मागितलीच नव्हती. मला स्वतःची इतकी लाज वाटली की लेकीकडे बघवेना.

लॅपटॉप उघडला. सुट्टीच्या अर्जात कारणाचा रकाना नव्हता, म्हणून मॅनेजरला वेगळी मेल टाकली: आईचं ऑपरेशन आहे, मी जातोय.

मग आईला फोन लावला.

"भेटली का सुट्टी?" तिनं भीत भीत विचारलं.

"घेतली," मी म्हटलं.