देऱ्यातला मऊ बर्फ

दुकानात सकाळी झाडू मारला की संध्याकाळपर्यंत वाळू परत तेवढीच. आमच्या दुकानातल्या किश्श्यांचं तसंच आहे. एक सांगून संपवावा तर दुसरा दार उघडून आत येतो, आणि तोही एसीची थंडी बाहेर घालवत, दार अर्धं उघडं ठेवून.

आधी माणसं सांगतो. दुकान दुबईत, देऱ्यात, खेळाच्या सामानाचं. बॅटी, फुटबॉल, कॅरम, आणि मागच्या भिंतीवर बर्फावरून घसरायच्या लांबलचक पट्ट्या, म्हणजे स्की. वाळवंटात स्की कोण घेतं, असं तुम्ही विचाराल. मीपण विचारलं होतं. लेबनॉनला नाहीतर इराणच्या डोंगरात सुट्टीवर जाणारे गोरे इंजिनियर घेतात. आणि आमचे अरबाब, म्हणजे दुकानाचे मालक, दर हिवाळ्यात स्वतः जातात. त्यांचा शौक, म्हणून ती भिंत. आता लोक म्हणतात इथेच एका मॉलमध्ये बर्फाचा डोंगर बांधणार आहेत. इन्शाल्ला.

स्कीचा सेल्समन माझा हमीद मामू, दापोलीकडचा. बर्फ त्याने पाहिलाय तो फक्त मासळी बाजारात, सुरमईच्या अंगावर. स्कीवर बुटाच्या क्लिपा बसवायचं काम साळवींचं. ते लांज्याचे, बोलतात कमी, स्क्रू जास्त पिळतात. आणि तिसरा मी. दहावीने मला दोनदा सोडलं, मी तिला एकदाच.

मामूला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. मामीला इकडे आणायचं. फॅमिली व्हिसाच्या कागदावर अरबाबची सही लागत होती. अरबाब माणूस सोन्यासारखा, पण सहीचा विषय काढला की इन्शाल्ला म्हणून चहा मागवायचे. तिकडे मामीने बॅग कधीची भरून ठेवलेली. अधूनमधून कपडे बाहेर काढायची, ऊन दाखवायची आणि परत भरायची. मामू शारजात, अल नहदाच्या एका खोलीत, आम्हा सहा जणांचं घोरणं ऐकत दिवस काढत होता.

* * *

स्कीची लांबी कशी ठरवायची याचा एक जुना तक्ता भिंतीवर होता. सरळ उभं राहायचं, एक हात वर करायचा, स्कीचं टोक मनगटाला लागलं पाहिजे. मामूचा या तक्त्यावर इतका विश्वास की नुसतं बघायला आलेल्या माणसालाही तो हात वर करायला लावायचा.

एकदा जर्मन लोकांचा एक ग्रुप आला. वेळ वाचावा म्हणून मामूने सगळ्यांना एकदम भिंतीकडे तोंड करून उभं केलं, हात वर. तो स्वतः मागे हातात लांब स्की घेऊन फिरतोय. बाहेरून काचेतून हे काय दिसत असेल, तुम्हीच बघा.

पोलिसांची गाडी हळू झाली, मग थांबली. एक पोलीस आत आला. मामूचा चेहरा खडूसारखा. त्याने हिंदीत, अरबीत, शेवटी घाबरून मराठीतही सगळं समजावलं. पोलिसाने एकदा तक्ता वाचला, एकदा जर्मनांकडे पाहिलं. मग टोपी काढून काउंटरवर ठेवली, भिंतीला उभा राहिला आणि हात वर करून म्हणाला, "मेरा कितना?"

* * *

एक गोरा इंजिनियर आला. त्याची जुनी स्की मोडली होती, बदली जोडी हवी होती. तिकडचा बर्फ सॉफ्ट आहे, लांबी किती घेऊ, असं त्याने विचारलं. मामूचं ज्ञान तक्त्याबरोबर संपायचं. तक्त्यात सॉफ्टचं काही नव्हतं.

मामूने विचारलं, सॉफ्ट म्हणजे कसा? गोऱ्याने हवेत बोटं चोळून दाखवली. मामूला कळेना. शेवटी त्याने आपला डबा उघडला आणि भात पुढे केला. असा? गोरा हुशार निघाला. त्याने चमच्याने भात मोकळा केला. ताजा, मोकळा, पाय ठेवला की आत जाणारा. त्यावर लांब आणि रुंद स्की लागते, नाहीतर माणूस बुडतो. मग त्याने तोच भात दाबून बसवला. हा असा असेल तर छोटीही चालते.

मामूला एवढं कळलं की त्याने पूर्ण धंदाच भातावर आणला. गिऱ्हाईक आलं की पहिला प्रश्न, तिकडे फ्रेश राइस की कालचा राइस? ताजा असेल तर लांब. कालचा असेल तर मध्यम. फ्रिजमधला गोळा झालेला असेल तर छोटी घ्या आणि कडांना धार लावून घ्या.

आम्ही हसायचो. पण एक दिवस दुकानाचा फोन वाजला, मी उचलला. पलीकडून एक गोरी बाई थेट बैरुतहून बोलत होती. म्हणाली, हमीदला सांगा, इथे आज पहाटेपासून बासमती पडतोय.

* * *

अल नहदाचंच एक मराठी कुटुंब. आई, बाबा आणि बारा वर्षांचा मुलगा, तिघं स्वित्झर्लंडला निघालेले. मुलाला स्की घ्यायच्या होत्या. मामूने बरोबर मापाच्या काढल्या. ताईंनी किंमत विचारली. सहाशे दिरहम, म्हणजे साडेसात हजार, असं त्या मोठ्याने म्हणाल्या आणि लगेच म्हणाल्या, "वाढत्या अंगाच्या दाखवा."

मामूने सांगितलं, ताई, ही काही शाळेची पँट नाही. ताई ऐकेनात. पोरगं दरवर्षी वीतभर वाढतं, दरवर्षी नवीन कोण घेणार? मुलगा म्हणाला, "मॉम, प्लीज, आय कान्ट ग्रो इन अ वीक." बाबा क्रिकेटच्या बॅटीकडे जाऊन उभे राहिले. घरी कधी बोलायचं नाही हे त्या माणसाला चांगलं कळत होतं.

ताईंनी सगळ्यात लांब जोडी उचलली. ती मुलाच्या डोक्यावरून हातभर वर गेली. त्यांनी जरा विचार केला, मग साळवींकडे वळून म्हणाल्या, "हे टोक आत दुमडून द्या ना. पुढच्या वर्षी सोडवून घेऊ."

साळवी महिन्यातून एखादं वाक्य बोलतात. त्या महिन्याचं त्यांनी तिथेच खर्च केलं. "ताई," ते म्हणाले, "माझी शिलाई मशीन रिपेअरला गेलीय."

* * *

आता माझा एक. दुपारी दुकान रिकामं होतं. मी शेजारच्या ग्रोसरीतून मामूला फोन लावला, आवाज जाड केला. हबीबी, मला माझ्या उंटासाठी स्की पाहिजेत.

मला वाटलं मामू फोन आपटेल. पण गिऱ्हाईक म्हणजे गिऱ्हाईक. त्याने शांतपणे विचारलं, चार पाय म्हणजे दोन जोड्या, बरोबर? मी म्हटलं, बरोबर. वय किती? मी म्हटलं, तीन वर्षं. मग वाढत्या अंगाचा आहे, मामू म्हणाला. पोटात कळ येईपर्यंत मी हसू दाबलं. ग्रोसरीवाला मलबारी माझ्याकडे बघून पाण्याची बाटली पुढे करत होता.

मामू म्हणाला, उंटाला घेऊन या, भिंतीला उभा करू, एक पाय वर करायला लागेल. मी म्हटलं, यल्ला, आत्ताच आणतो.

"आणा," मामू म्हणाला. "आणि येताना शेजारच्या ग्रोसरीत माझा भाचा उभा असेल. त्याच्या कानाखाली दोन वाजवून या, तुमचं बिल माफ."

* * *

आणि आता हा. हा मी शक्यतो कुणाला सांगत नाही, म्हणजे सगळ्यांना सांगतो.

जानेवारीत अरबाब दुकानात आले. हातात एकच स्की. त्यांच्या चुलतभावांनी नवीन फॅशनच्या, हनुवटीएवढ्या छोट्या स्की घेतल्या होत्या, म्हणून यांनीही घेतल्या. लेबनॉनच्या मऊ बर्फात अरबाब कमरेपर्यंत आत गेले. चार भावांनी ओढून काढलं. पाय आला, स्की आली नाही. ती अजून डोंगरातच आहे.

"हमीद," अरबाब म्हणाले, "इसका जोड़ी दो."

मामूने अदबीने सांगितलं की एक सुटी मिळत नाही, नवीन जोडीच घ्यावी लागेल. अरबाब म्हणाले, ठीक आहे, गुरुवारी परत जातोय, बर्फ तसाच मऊ आहे, भाऊपण तेच आहेत. मग स्वतःहूनच म्हणाले, "इस बार ठीक से वापस आया, तो तेरा पेपर साइन. खलास."

मामूने हातातला स्वतःचा चहा अरबाबपुढे केला.

अरबाब गेल्यावर आम्ही नवीन कॅटलॉग उघडला. त्यात लिहिलेलं, मऊ बर्फात नुसती उंची बघू नका, वजन बघा. आता मालकाचं वजन विचारायचं कोणी? साळवी म्हणाले, विचारा की. मामू म्हणाला, "तू विचार. तुझी बायको लांज्यात सुखी आहे."

आमच्या गोदामात कार्गोचा काटा होता. गावाला जाणारा प्रत्येक जण आपली बॅग नाहीतर दोरीने बांधलेला खोका त्याच्यावर चढवतो, जास्त भरलं तर साबणाच्या वड्या काढतो. साळवींनी तो काटा दुकानात आणला, वर गालिचा टाकला, गालिच्यावर गुबगुबीत खुर्ची ठेवली आणि काटा शून्यावर आणला. आकड्याची तबकडी खांबावर होती. त्या खांबाला मी फुटबॉलची जर्सी घातली आणि शेजारी उभा राहिलो.

बुधवारी अरबाब आले. सोबत त्यांचा धाकटा, पाच-सहा वर्षांचा, इंग्लिश स्कूलचा. मामूने खुर्ची पुढे केली. अरबाब बसले. आणि पोरगा टुणकन त्यांच्या मांडीवर!

मामू माझ्याकडे बघतोय, मी मामूकडे. मी एक फुटबॉल घरंगळत सोडला. पोरगा उतरला, पण फुटबॉल सोडून थेट माझ्याकडे आला आणि जर्सीखाली डोकं घातलं.

"व्हॉट इज धिस?"

"क्लॉक," मी म्हटलं.

"व्हॉट टाइम इज इट?"

मी जर्सी उचलली. "हंड्रेड अँड नाइन."

पोराने जरा विचार केला. "इट्स व्हेरी लेट," तो म्हणाला.

तिकडे मामूला खोकल्याची उबळ आली. पण आकडा मिळाला होता. साळवींनी भिंतीवरून सगळ्यात लांब, सगळ्यात रुंद जोडी काढली. अरबाबने हात परत छोट्या स्कीकडेच नेला. मामू आडवा गेला.

"अरबाब, छोटा स्की छोटे लोगों का."

अरबाबने मोठ्या जोडीकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "ये स्की नहीं, दरवाजा है."

"बड़े आदमी का दरवाजा बड़ा," मामू म्हणाला.

अरबाब खूश झाले आणि दरवाजा घेऊन गेले.

मामूने मामीला फोन करून सगळं सांगितलं. दापोलीत, जिथे पंखा बंद पडला की माणूस अंगणात पळतो, तिथे बसून मामीने दुआ मागितली की लेबनॉनचा बर्फ जरा घट्ट होऊ दे.

मग अरबाब आले. नाक सोललेलं, तोंड लाल, आणि खांद्यावर स्की. मामूने आधी स्की मोजल्या. दोन्ही होत्या. पोरगा बोट धरून मागे. अरबाबने पेन मागितलं, कागद काउंटरवर पसरला, सही केली, शिक्का मारला, कागद मामूच्या हातात दिला. साळवी तोंड फिरवून नसलेला स्क्रू पिळायला लागले. मामू कागद छातीशी धरून उभा.

अरबाब दारापर्यंत गेले, थांबले, वळले.

"हमीद. मैडम आएगी तो दुकान में लाना. चाय पिलाना."

"जी, अरबाब."

"लेकिन उस कुर्सी पे मत बिठाना."