दारापाशची गोधडी

मुर्री गावाहून आतेभावाचा फोन आला तेव्हा मी कढीला फोडणी देत होते. "माय गेली... झोपेतच," एवढंच तो म्हणाला. रडता रडता मला आधी आठवलं ते अनसूआत्याचं गडगडाटी हसणं. तेच हसणं तिनं वीस वर्षं दाबून ठेवलं होतं.

तिसऱ्या बाळंतपणानंतर तिला हसताना, खोकताना लघवी निसटायची. कुणाला सांगायची सोय नव्हती. लग्नाकार्यात ती छोटी गोधडी घडी करून दारापाशी बसे, थट्टा सुरू झाली की उठून जाई. आम्ही तिला घमेंडी समजायचो. भाताची रोपं लावताना, रोवणीच्या बांधीत मात्र ती सगळ्यांत मोठ्यानं हसायची. आत्याला चिखलाचा भारी सोस, असं मला वाटे. खरं म्हणजे तिथं सगळ्यांचीच लुगडी ओली असत!

पुढे खोकल्याच्या औषधाला गेली आणि डॉक्टरीणबाईंसमोर पितळ उघडं पडलं. ऑपरेशन झालं, आतून आधाराची पट्टी बसली. तपासणीला बाई "खोका" म्हणाल्या की आत्या खोकण्याऐवजी हसून दाखवायची. बारा वर्षं ती खणखणीत कोरडी राहिली. शेवटच्या दोन वर्षांत सर्दी झाली की जरा त्रास व्हायचा.

"मग ऑपरेशन वाया गेलं का गं?" मी विचारलं.

"वाया कायले जाईन वं? बारा वर्सं पोटभर हासली मी. आता सर्दीत दोन थेंब येतेत, तं येऊ दे!"

हे मी उगाच विचारलं नव्हतं. गेल्या वर्षी भाचीच्या लग्नात तिनं मला हेरलं होतं. "काऊन वं, दारापाशी बसून राह्यली?"

"इथं वारा लागतो."

ती खो-खो हसली. "मीनंबी वीस वर्सं वाराच खाल्ला!" मग माझ्याखाली आपली गोधडी सरकवून म्हणाली, "चाल उद्या, डॉक्टरीणबाईकडे."

मी शाळेच्या परीक्षांचं कारण काढलं. मग दिवाळीचं. ती सोबत यायला तयार होती, आणि मी तिला थांबवत राहिले... हे मला फार लागतं.

तेरवीनंतर मी एकटीच गेले. बाई म्हणाल्या, "खोका." मला आत्या आठवली आणि हसूच फुटलं. व्हायचं ते झालंच, पण लाज नाही वाटली.

पुढच्या महिन्यात ऑपरेशन आहे. गोधडी आता माझ्याकडे असते. ती धुऊन दारापाशी ठेवली आहे; वहिनी परवा आली, आणि आत न येता तिच्यावरच टेकली. मी विचारलं, "काऊन वं?"