तिसऱ्यांदा विचारतील, तेव्हा घ्या

माझ्या होणाऱ्या व्याह्यांना मी एका दुपारी आडवं केलं. त्यांच्याच घरात, त्यांच्याच बायकोनं रांधलेल्या अन्नानं! शस्त्र म्हणाल तर माझ्या हातात फक्त एक लाकडी डाव होता.

आमची ऋतुजा इटलीच्या उत्तरेकडच्या डोंगरात नोकरीला आहे. तिथं लोक जर्मन बोलतात. (इटलीत जर्मन का, हे तिनं मला दोनदा समजावलं. मी दोनदा मान हलवली.) तिथल्याच लुकासशी तिचं जमलं. घरचा द्राक्षमळा, घरचीच वाइन आणि खिडकी उघडली की समोर बर्फाचे डोंगर. वडील योसेफ, आई मार्था. "एकदा येऊन भेटा, मग पुढचं ठरवू," असं त्यांचं बोलावणं आलं आणि आम्ही दोघं छत्रपती संभाजीनगरहून निघालो. एकुलत्या एका मुलीचं लग्न या भेटीवर ठरायचं होतं. असा नाजूक मामला मी कुणाच्या, विशेषतः आमच्या ह्यांच्या, हाती सोडत नसते.

हे म्हणजे वैजापूरला बियाण्यांचं दुकान चालवणारा माणूस. पुढं ताट आलं की आधी हात जातो, विचार मागून येतो. म्हणून विमानातच मी ह्यांची तयारी करून घेतली.

"हे बघा, आपण मुलीकडचे. काही पुढं केलं की लगेच तुटून पडायचं नाही. पहिल्यांदा विचारलं, नको. दुसऱ्यांदा विचारलं, तरी नको. तिसऱ्यांदा आग्रह झाला, की मग थोडंसं घ्यायचं."

"आन् तिसऱ्यांदा इचारलंच नाय तर?"

"असं कुठं असतं का!"

ऋतुजानं फोनवर बजावलं होतं, "आई, इथं एकदाच विचारतात हं." पण मी मनावर घेतलं नाही. माणूस इथून तिथून सारखाच, आग्रह केल्याशिवाय कोण पाहुण्याला जेवू घालतं?

पोचलो त्या संध्याकाळी मार्थाबाईंनी सफरचंदाचं स्ट्रुडेल पुढं केलं. पातळ खुसखुशीत पापुद्रा, आत सफरचंद, मनुका, दालचिनी. वासानंच जीव वेडा झाला.

"प्लीज?" मार्थाबाई म्हणाल्या.

"नो, नो, थँक यू!" मी गोड हसून म्हणाले. ह्यांचा हात ताटलीपर्यंत पोचलाच होता. मी टेबलाखालून पायावर पाय दिला. "नो नो," हेही म्हणाले, अगदी रडक्या आवाजात.

"ओके," मार्थाबाई म्हणाल्या आणि ताटली उचलून आत घेऊन गेल्या!

मी निवांत होते. आता येतील, परत विचारतील. आल्या खऱ्या, पण दोन तुकडे घेऊन. एक स्वतःला, एक योसेफरावांना. दोघांनी आमच्यासमोर बसून सावकाश, चवीनं खाल्ले. आम्ही बर्फाचे डोंगर बघत बसलो.

"आता इचारतेत का नंतर?" हे माझ्या कानाशी.

"धीर धरा."

रात्री जवाच्या गरम सूपला 'नो'. सकाळी काळा पाव आणि डोंगरातल्या चीजला 'नो'. ह्यांनी पिशवीतला चिवडा न्हाणीघरात दार लावून संपवला, मला चिमूटभरसुद्धा न देता. (ते मी अजून विसरलेले नाही.)

बाकीच्यांचा चहा झाल्यावर ऋतुजानं मला अंगणात ओढलं. डोळे भरून आले होते पोरीचे.

"आई, काय चाललंय तुमचं? मार्था स्वयंपाकघरात रडतेय! आणि योसेफ म्हणतोय, ज्यांना आमच्या घरचा घास नको, त्यांना आमचा मुलगा कसा चालेल?"

माझ्या पायाखालची जमीन सरकली. लग्न मोडतंय ते माझ्या 'नको'मुळं!

"आज द्राक्षतोडणी संपल्याचं मोठं जेवण आहे," ऋतुजा म्हणाली. "तुमच्यासाठी सगळं बिनमांसाचं केलंय तिनं. पहिल्या वेळेलाच हो म्हण. माझ्यासाठी!" एवढं सांगून ती लुकासबरोबर गावात चेस्टनट आणायला गेली.

आता कुणी नुसतं विचारायचा अवकाश होता. योसेफराव आम्हाला मळा दाखवायला घेऊन गेले. वेल कारल्याच्या मांडवावर चढवावेत तसे लाकडी मांडवांवर चढवलेले. ह्यांनी माती हातात घेऊन बघितली, मान डोलावली, तेवढ्यावरच दोघांचं छान जमलं. मग तळघरात गेलो. योसेफरावांनी पिंपातून गढूळसर, गोड रस काढून पेला माझ्यापुढं धरला.

"येस!" मी विचारायच्या आत म्हणाले.

ताज्या द्राक्षांचा रस, बारीक बुडबुडे, उपाशी पोटाला अमृतच! त्यांनी भुवया उंचावून पिंपाकडं बोट केलं. "येस!" आणखी एकदा. "येस, येस!" योसेफरावांचा चेहरा पहिल्यांदाच खुलला.

ह्यांनी घोटभर घेतला आणि पेला खाली ठेवला. "अगं, थांब. आंबलंय हे. चढंल."

"गप्प बसा. रस कधी चढतो का?"

जेवायला बसलो तेव्हा रस चांगलाच चढला होता आणि जगातल्या प्रत्येक माणसाबद्दल मला अपार माया दाटून आली होती. टेबलावर पालक आणि पावाचे लाडवाएवढे उकडलेले गोळे (त्याला तिथं क्नॉडल म्हणतात), वर पातळ लोणी आणि किसलेलं चीज. पहिल्याच विचारण्याला मी हो म्हटलं आणि चार खाल्ले. असं चवदार अन्न मी कालपासून नाकारत होते! आणि एवढं रांधणारी ती माउली मात्र उभ्यानं सगळ्यांना वाढत होती. मला ते बघवेना. मी उठले, त्यांच्या हातातला डाव घेतला आणि खांद्यांना धरून त्यांना खुर्चीत बसवलं.

"बसा हो मार्थाबाई! आज मी वाढते."

"आई, खाली बस," गावातून परतलेली ऋतुजा दातांवर दात ठेवून म्हणाली.

"तू गप्प. तुला काय कळतं वाढण्यातलं!"

योसेफरावांची ताटली रिकामी दिसली. मी दोन गोळे वाढले. "नाइन, डांके," म्हणजे नको, असं ते म्हणाले. हा पहिला नको! मला केवढा आनंद झाला. दुसरा नको आला, तिसराही आला, मग मी आणखी एक वाढला. त्यांनी तो खाल्ला. ताटली पुन्हा रिकामी! मी पुन्हा वाढलं. तिकडं पानात काही टाकणं म्हणजे रांधणाऱ्याचा अपमान, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. इकडं रिकामं पान म्हणजे वाढणाऱ्याचा अपमान, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. पानात टाकता येत नाही असा तो माणूस आणि रिकामं पान बघवत नाही अशी मी! यातून सुटका व्हायची कशी?

"लई भारी झालंय! मला बी वाढ की," हे कोपऱ्यातून ओरडत होते. त्यांच्याकडं लक्ष द्यायला मला वेळ नव्हता.

शेवटी खसखस भरलेल्या तळलेल्या करंज्या आल्या. योसेफरावांनी दोन्ही हात वर केले.

"एवढी एक! माझी शपथ आहे तुम्हाला!"

"काय म्हणते ती?" त्यांनी ऋतुजाला त्यांच्या भाषेत विचारलं. पोरगी गांगरली. "आई म्हणते, तुम्ही नाही खाल्लं तर ती मरेल."

योसेफरावांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी डोळे मिटून करंजी खाल्ली. मी ती संपायच्या आत दुसरी ठेवली, तीही खाल्ली. मग ते उठले, पट्टा सैल केला, शेगडीजवळच्या लाकडी बाकापर्यंत कसेबसे गेले आणि आडवे झाले.

माझी सगळी उतरली. संपलं, मी स्वतःच्या हातानं मुलीचं लग्न मोडलं! मला तिथंच रडू फुटलं.

तेवढ्यात मार्थाबाई हसायला लागल्या. हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "ती म्हणतेय," ऋतुजानं सांगितलं, "लग्न होऊन या घरात आल्यापासून मला कुणी खाली बसवून वाढलं नव्हतं." बाकावरून योसेफरावांचा एक हात वर आला. तेही पुटपुटले. "आणि तो म्हणतोय, लग्न पक्कं. पण हिच्या हातातला डाव काढून घ्या."

लग्न आमच्याकडं, संभाजीनगरात झालं. व्याही-विहीण आठवडाभर आधी आले. तोवर मी पूर्ण सुधारले होते. नको म्हणजे नको! पहिल्याच दिवशी पुरणपोळी पुढं केली. मार्थाबाई गोड हसून मराठीत म्हणाल्या, "नको, नको." मी लगेच ताट उचललं. किती सभ्यपणा! भरीत नको, उचललं. श्रीखंड नको, उचललं. आठवडाभर मी स्वतःवरच खूश होते.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी ऋतुजानं हळूच विचारलं, "आई, तू तिसऱ्यांदा विचारायचं का सोडून दिलंस? मी तिला बजावून आणलं होतं, आमच्याकडं दोनदा नको म्हणायची रीत आहे म्हणून." योसेफराव तेवढे ह्यांच्याबरोबर रोज संध्याकाळी 'पाय मोकळे करायला' शहागंजला जाऊन मटणाचा झणझणीत नान-खलिया हाणून येत होते, हेही तेव्हाच कळलं.

लग्नाचा मोठा फोटो आमच्या दिवाणखान्यात लावलाय. त्यात नवरा-नवरी छान दिसतात, योसेफराव गुटगुटीत दिसतात, मार्थाबाईंचे गाल बसलेत, आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवून, विहिणीचं कुठं काही कमी पडू दिलं नाही अशा थाटात, मी उभी आहे!