पाठमोरे गेनबा ड्रायव्हर

भोरच्या अध्यापक विद्यालयात नूतनबाईंना मुलं त्यांच्या माघारी ‘चाळीस मिनिटांच्या बाई’ म्हणतात, आणि त्यात मुलांची काही चूक नाही. पहिल्याच तासाला बाई टेबलावर एखादी साधी वस्तू ठेवतात, कुलूप, वांगं, नाहीतर फाटकी चप्पल, आणि सांगतात, ‘चाळीस मिनिटं नुसतं बघा. तोवर पेन्सिलीला हात लावायचा नाही.’ उद्या मास्तर आणि मास्तरणी होणारी ही पोरं वांग्याकडे बघून बघून पेंगायला लागतात. भरीत कधी करायचं, असं मागून कुणीतरी हळूच विचारतं. बाई हसत नाहीत आणि रागावतही नाहीत.

त्यांचं म्हणणं सोपं आहे. भोरमध्ये कुठंही उभं राहा, चहूकडे डोंगर दिसतात आणि त्यातला एकही त्रिकोणी नाही. तरी पोराला डोंगर काढ म्हटलं की ते दोन त्रिकोण काढणार आणि मध्ये सूर्य अडकवणार. डोंगर त्यानं बघितलेलाच नसतो, दुसऱ्यानं काढलेला डोंगर तेवढा बघितलेला असतो. एवढ्याशा गोष्टीवर बाईंनी सहा वर्षं खपून प्रबंध लिहिला, तत्त्वज्ञानाची जाडजूड पुस्तकं पालथी घातली आणि पीएच.डी. मिळवली. शिवाय स्वतः कोळशानं मोठाली चित्रं काढायच्या. चूल, जोतं, दोरीवर वाळणारी गोधडी. माणूस बघायला शिकला की अर्धं शिक्षण झालं, असं त्या सांगत, आणि ते ऐकायला लांबलांबचे लोक त्यांना बोलावत.

घरी मात्र ती नुसती नूतन. वेल्ह्याच्या रस्त्यावरच्या एका वाडीतल्या गेनबा ड्रायव्हरची थोरली लेक. गेनबांनी तीस वर्षं एसटी चालवली, निवृत्त होऊन भातशेती बघू लागले, आणि गेल्या साली भात झोडून घरात आलं त्याच आठवड्यात जेवून हात धुवायला म्हणून उठले ते मोरीतच बसले. गोरखनं, म्हणजे धाकट्या भावानं, फोन केला. नूतन आली, सगळं केलं, तेराव्यापर्यंत राहिली आणि चौदाव्या दिवशी वर्गात कुलूप ठेवून उभी राहिली. डोळ्यांतून टिपूस नाही. वाडीतल्या बायका म्हणाल्या, शिकलेलीचं काळीज दगडाचं. बायकांना बोलायला काय जातं! दगड बरा, तो निदान जड तरी लागतो. दाताच्या डॉक्टरनं इंजेक्शन दिल्यावर गाल जागेवर असतो पण आपला नसतो, तशी ती वर्षभर होती. चहा प्यायची, पेपर तपासायची, मोबाईल वाजला की उचलायची.

चित्र मात्र बंद पडलं. चाळीस मिनिटं बघायची, वस्तू तिथं आणि ही इथं. मध्ये काही घडायचंच नाही. मग कोळसा डब्यात टाकायची आणि हात धुवायची.

वर्षश्राद्ध दीड महिन्यावर आलं तसा गोरख फोटोच्या मागे लागला. गेनबांना फोटोचं वावडं होतं, कुणी मोबाईल काढला की ते गोठ्याकडे निघायचे. सापडला तो एसटीच्या ओळखपत्रावरचा, नखाएवढा. तो घेऊन गोरख भोरात मानसिंगच्या स्टुडिओत गेला. मानसिंगच्या कॉम्प्युटरमध्ये एकच कोट आहे, आणि तालुक्यातली निम्मी मयत मंडळी तोच घालून भिंतींवर बसली आहेत. त्यानं गेनबांनाही तो घातला, वर टाय बांधला, मागे धबधबा सोडला.

आईनं, म्हणजे फुलाबाईंनी, फ्रेम हातात घेतली, पदरानं काच पुसली आणि परत बघितली.

“ह्यो कोन सायब आनलास रं?”

“आई, आण्णाच हाईत त्ये.”

“जन्मात कोट न्हाई घातला त्येंनी. ठिव तिकडं. म्या न्हाई ह्येच्या पाया पडायची.” मग त्या लेकीकडे वळल्या. “तू यवढी चपलांची चित्रं काढतीस. बापाचं न्हाई यायचं व्हय तुला?”

नूतन ‘काढते’ म्हणाली. आईनं वर्षभरात एवढं एकच मागितलं होतं.

भोरच्या खोलीवर तिनं ते ओळखपत्र समोर ठेवलं. चाळीस मिनिटं झाली, ऐंशी झाली. ओळखपत्रावर कुणीतरी ड्रायव्हर होता. मग तिनं डोळे मिटले. आण्णांचं नाक सरळ होतं की पुढं वाकलेलं? भुवया जुळलेल्या होत्या का? हसताना कुठला गाल आधी हलायचा? काही म्हणजे काही आठवेना. आठवलं ते एवढंच की पुण्यात तिचं प्रदर्शन लागलं होतं तेव्हा आण्णा इस्त्रीचे कपडे घालून आले होते, सगळी चित्रं सावकाश बघून त्यांनी विचारलं होतं, “ह्यात मान्सं कुठं हाईत?” तिनं त्यांना वस्तूंमधल्या माणसाच्या खुणा वगैरे बरंच समजावलं होतं. ते ‘बरं’ म्हणाले होते.

बघण्यावर प्रबंध लिहिणाऱ्या बाईनं बापाचं तोंड बघितलेलं नव्हतं. दुसऱ्या कुणाच्या बाबतीत हे कळलं असतं तर तिनं त्यावर छान व्याख्यान दिलं असतं. आता तिला वाईटसुद्धा वाटलं नाही, नुसतं कळलं.

असे पाच रविवार गेले. सहाव्याला, श्राद्ध चार दिवसांवर असताना, तिनं काहीही समोर न ठेवता कागद ताणला, आणि हात चालू लागला. आली ती पाठ.

पाचवी ते दहावी ती भोरच्या शाळेत होती. वाडीवरून जाणारी सकाळची गाडी आण्णांचीच असायची, नसरापूर, कामथडी, कापूरहोळ करत भोर. संध्याकाळची परतीचीही त्यांचीच. ड्रायव्हरच्या मागचं पहिलं बाकडं तिचं. रोज येताजाता तीन तास तिच्यासमोर लोखंडी जाळी आणि जाळीपलीकडे आण्णांची पाठ. खाकी शर्टाची ताणलेली शिवण, मानेवरच्या दोन आडव्या वळ्या, उजव्या खांद्यावरचा टॉवेल, डाव्या कानामागचा पांढरा झालेला गळवाचा व्रण, गिअर टाकताना खाली जाणारा डावा खांदा. सगळं कागदावर आलं. चाळीस मिनिटं बघावं लागलं नाही, ते आधीच बघून झालं होतं. वर आतला आरसाही तिनं काढला. त्याची चौकट आठवली. आरशात काय दिसायचं ते आठवेना, म्हणून तिथं कागद कोरा सोडला.

“तोंड कुठंय बाई ह्याचं?” फ्रेम करताना मानसिंगनं विचारलं. कोट देऊ का, एवढंच विचारायचं त्यानं बाकी ठेवलं.

गोरखही वैतागला. “अगं आक्का, बापाची पाठ कोन लावतं भितीवर? लोकं हसत्याली.”

फुलाबाई मात्र खाली बसल्या. चित्र मांडीवर घेतलं. “ह्येच हाईत,” त्या म्हणाल्या. “टावेल असाच टाकायचं.” मग त्यांना खरी अडचण सुचली. “पर गंध कुठं लावू ग?”

श्राद्धाला माणसं आली. हसलं कुणीच नाही. जो तो दारातून आत पाऊल टाकायचा आणि उभ्याउभ्याच म्हणायचा, “आरं, गेनबा डायवर!” कुणाला सांगावं लागलं नाही. तीस वर्षं त्या रस्त्यावरच्या माणसांनी गेनबांची पाठच तर बघितली होती. नूतन सगळ्यांना पाणी देत होती. बरं झालं, असं तिच्या मनात आलं, आणि तेवढंच आलं.

मग हनुमंतकाका आले. गेनबांच्या गाडीवरचे कंडक्टर, आता काठी टेकत चालणारे. त्यांनी चष्मा पुसून चित्र बघितलं.

“समदं बराबर काढलंस. आरसा मोकळा का ठिवला?”

“त्यात काय दिसायचं ते आठवत नाही, काका.”

“तूच की.” काका तिच्याकडे बघत राहिले. “आतला आरसा दारासाटी आसतो, कोन चढलं, कोन उतरलं. गाडी रोज निराळी मिळायची. पर ह्यो गडी तुमच्या वाडीवर गाडी थांबली की आदी अंगठ्यानं आरसा तुज्याकडं फिरवायचा. भोरला तू उतरलीस की परत दाराकडं. म्या यकदा म्हनलं, गेनबा, मानूस पडंल दारातनं. तर म्हनला, दारात तू हाईस की. हिकडचं म्या बघतो.”

नूतनच्या हातात तांब्या होता. आरशाचं गणित ती पोरांना शिकवते. त्याला आपण दिसलो तर आपल्यालाही तो दिसतो.

“मग मलाही त्यांचे डोळे दिसत असणार,” ती म्हणाली.

“दिसायचंच की. पर तू कवा वर बघितलंस? मुंडी खाली, वहीत चित्रं. त्येला लई कौतुक. आज चप्पल काढती म्हनायचा, आज कुलूप काढती.”

सहा वर्षं. रोज येताजाता तीन तास. नुसती मान वर करायची होती. इंजेक्शन उतरायला लागलं की आधी ठणका लागतो, तसं ते लागलं, छातीच्या मधोमध, आणि नूतनला तांब्या खाली ठेवावा लागला. बायका बघत होत्या. बघू देत.

गोरखनं हार घातला. फुलाबाई गंधाची वाटी घेऊन पुढं झाल्या. त्यांनी बोट बुडवलं, मानेशी नेलं, थांबल्या. मग हात वर नेला आणि काचेवर, त्या कोऱ्या आरशात, टिळा लावला.

पंगतीला पानं मांडून झाली होती. गोरखनं दोनदा हाक मारली. नूतन मान वर करून तिथंच उभी होती.