खालाचा पट

पाय मोडला तो वांग्याच्या वावरात. डोक्यावर भरलेली टोपली होती आणि पाण्याची दांड ओलांडायची होती. रोज दहादा ओलांडायची तीच दांड. त्या दिवशी काठ ओला होता, टाच सरकली आणि मी टोपलीसकट खाली आले. वांगी गोळा करायला म्हणून उठू लागले तर डावी नडगी उभं राहू देईना.

तेव्हा वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला होता. बुलढाण्याला सरकारी दवाखाना होता, पण देऊळघाटात हाड मोडलं की कोणी दवाखान्यात जात नसे. गावात एक म्हातारी मुसलमान बाई होती, तिला सगळे खाला म्हणत. तिचा नवरा पिंजारी होता, तो वारून बरीच वर्षं झाली होती. हाडं बसवायचं काम तिला सासूकडून आलं होतं. बायाबापड्या तिच्याकडंच जात. कारण ती हात लावायची तेव्हा दुखायचं, पण लाज वाटायची नाही.

मला बैलगाडीतून घरी आणलं तोवर ती दारात येऊन बसली होती. तिनं दोन्ही अंगठ्यांनी नडगी चाचपली, मला माहेरची खबर विचारली, आणि मी उत्तर देत असतानाच हाड ओढून बसवलं. माझी किंकाळी शेजारच्या गल्लीत ऐकू गेली म्हणतात. मग आंबेहळदीचा लेप, वर फडकं, बांबूच्या कामट्या, आणि घट्ट सुतळी.

"आता चाळीस दिवस बाजेवरून उतरायचं नाही," ती म्हणाली. "पाय हलला का हाड वाकडं जुयते. मंग लंगडतच राह्यशील जन्मभर."

मी हो म्हटलं. चौथ्या दिवशी ती लेप बदलायला आली तेव्हा मी भिंतीला धरून एका पायावर चुलीपाशी उभी होते. सासूबाई वावरात गेल्या होत्या, वरण उतू जात होतं, आणि मला बघवलं नाही.

खालानं मला दंडाला धरून बाजेवर आणलं, कामट्या तपासल्या आणि निघून गेली. अर्ध्या तासानं परत आली तेव्हा तिच्या हातात गुंडाळलेलं एक कापड आणि एक पिशवी होती. कापडावर लाल-काळी घरं शिवलेली होती. पिशवीत लाकडी मोहरे होते, अर्धे लाल, अर्धे काळे, रंग उडालेले. एका उंटाचं नाक तुटलेलं होतं.

"तुहे हात-पाय बसत नाहीत तं तुहं डोस्कं बसवते मी," ती म्हणाली.

पहिल्या दोन खेपांत तिनं मला चाली शिकवल्या. हत्ती सरळ, उंट तिरपा, घोडा अडीच घरं, प्यादं एक घर पुढं आणि मारताना तिरपं. मी पाच बुकं शिकलेली होते, पटकन ध्यानात राहिलं. पण खेळायला म्हणून मी मोहरे दोन्ही बाजूंना रांगेनं मांडू लागले तर तिनं माझा हात धरला.

"तसं नाही. मले तसं येत नाही."

तिनं पटावर मोहरे मांडले ते मध्येच सुरू असलेल्या डावासारखे. कोणी पुढं आलेलं, कोणी अडकलेलं, दोन-चार प्यादी मेलेली. "हा नक्शा. चाल लालची. दोन चालींत कायाचा वजीर घ्यायचा. पन हात लावायचा नाही. डोयानं पाह्यचं, मनात चालायचं. मी येईन तवा सांगजो."

पोरं हात लावतील म्हणून पट पाटावर ठेवून वर कोंबड्यांचं डालं झाकलं. खाला गेली आणि मी डाल्याच्या भोकांतून बघत बसले. पहिल्या दिवशी नुसती लाकडं दिसली. दुसऱ्या दुपारी एकदम दिसलं: लाल घोडा पुढच्या एका घरात गेला की एका बाजूनं राजाला शह बसतो आणि दुसऱ्या बाजूनं वजिरावर नेम धरला जातो. राजाला तर हलावंच लागणार. मग वजीर आपला. मला इतकं हसू आलं की सासूबाई आतून विचारत्या झाल्या, "काय झालं वं?"

असे नक्शे ती दर खेपेला मांडून जायची. माझा पाय बाजेवर आपोआप गप पडून राहू लागला. दुपार कधी सरली ते कळायचं नाही.

एकदा मी तिला विचारलं, की सुरुवातीपासून डाव काऊन नाही मांडत. तेव्हा तिनं सांगितलं ते मला अजून शब्दन् शब्द आठवतं. तिचे वडील आणि त्यांचा एक दोस्त रोज ओसरीवर खेळायचे. पोरीनं तिथं थांबायचं नाही असा घरचा दंडक. ती पाणी द्यायला जायची, पान द्यायला जायची. तेवढ्यात पट दिसायचा. "तांब्या ठेवेपर्यंत पाह्यचं आन् घरात जाऊन पोया लाटता लाटता चालवायचं. सुरुवात झाली तवा मी चुलीपाशी. संपला तवाबी चुलीपाशी. मले मधातलंच ठाऊक आहे, बेटी." असे चाळीस-पन्नास पट तिच्या डोक्यात राहिले होते. तिनं अख्खा डाव आयुष्यात कधी खेळला नव्हता.

सासूबाईंना हे सगळं सुरुवातीला मुळीच पसंत नव्हतं. घरचं सगळं काम त्यांच्या अंगावर पडलेलं, आणि सून लाकडांकडं बघत हसते आहे. "पाय मोडला का डोस्कं?" असं त्या शेजारणीला माझ्यादेखत म्हणाल्या. पण खाला शिकवायची तेव्हा त्या तूर निवडत जवळच बसलेल्या असायच्या, आणि कान काही बंद नव्हते.

एका नक्शात मी तीन दिवस अडकले. लाल घोडा मध्ये उभा, त्याच्यामागं तिरपा उंट, पुढं काळा राजा. मी घोड्यानं काय मारावं, कुठं शह द्यावा, हेच शोधत होते. सासूबाई सूप घेऊन बसल्या होत्या. त्यांनी डालं उचलून बघितलं आणि म्हणाल्या, "हा घोडा इथून उठला तं मागचा उंट सरळ राजाले पाहते ना?"

मी बघतच राहिले. घोडा कुठंही गेला तरी शह उंटाचा बसणार होता. म्हणजे घोड्याला फुकटात एक चाल मिळत होती, आणि त्या चालीत तो कोपऱ्यातला हत्ती खाऊन येणार होता.

"आत्याबाई, तुमाले कसं दिसलं?"

"दारात कोनी उभं असलं तं मागचं दिसत नाही. तो हटला का दिसते. त्यात काय?" असं म्हणून त्या सूप पाखडायला बाहेर गेल्या. पण खाला आली तेव्हा मी सांगायच्या आधी त्यांनीच सांगितलं. त्या दिवसापासून चहा तीन कप होऊ लागला.

तिसावा दिवस असेल. खालानं त्या दिवशी मोहरे फार सावकाश मांडले. "हा माह्या अब्बाचा," ती म्हणाली. "त्यायनं स्वतः बनवला होता. गावात कोनाले सुटला नाही." आठवडाभर डोकं लावून मला तो सुटला. लाल वजीर थेट काळ्याच्या शेवटच्या रांगेत नेऊन बसवायचा. काळा हत्ती त्याला खातो. मग लाल हत्ती त्या हत्तीला खाऊन शह देतो. राजाच्या पुढं त्याचीच तीन प्यादी भिंतीसारखी, पळायला घर नाही. मात. वजीर देऊन मिळवलेली मात. मी हरखून गेले.

पण पट समोरच होता आणि दुपार मोठी होती. मी बघत राहिले आणि मला काळ्याचा घोडा दिसला. तो मागं फिरून राजा आणि हत्तीच्या मध्ये येऊन बसू शकत होता. आपल्या हत्तीनं घोडा खाल्ला तर राजाच आपल्या हत्तीला खाणार. वजीर गेला, हत्ती गेला, मात काही नाही.

खाला आली तेव्हा मी आधी उत्तर सांगितलं. तिचे डोळे भरून आले. तिथं मी थांबायला हवं होतं की नको, मला अजून ठरवता येत नाही. मी म्हटलं, "खाला, पन हा घोडा मधात येऊन बसला तं?"

ती पटाकडं बघत राहिली. मग उठली, पायाला लेप लावला, गाठी बांधल्या आणि निघाली. पट तसाच ठेवून गेली.

पुढच्या खेपेला ती आली नाही. नातीच्या हाती नुसता लेप पाठवला. सासूबाई मला म्हणाल्या, "बापाचं होतं ते. कायले बोलली?" मला रात्रभर वाईट वाटत राहिलं. दुसऱ्या दिवशी मी पट गुंडाळून परत पाठवावा म्हणत होते, एवढ्यात ती दारातूनच बोलत आली.

"डालं काढ! काढ डालं!"

बसायच्या आधीच तिनं लाल बाजूचं एक प्यादं उचललं आणि एक घर पुढं ठेवलं. एवढंच. "आता येऊ दे त्याचा घोडा. हत्ती त्याले खाईन. आन् राजा हत्तीले खायले गेला तं?"

मी बघितलं. त्या घरावर आता प्याद्याचा तिरपा जोर होता. राजाला हत्ती खाता येत नव्हता. मात खरी झाली होती.

"अब्बाच्यानं एक घर चुकलं होतं," ती म्हणाली. "साठ वर्सं मी तसंच मांडत आली. चार दिवस झोप नाही मले, पन दुखानं नाही, खुशीनं." आणि तिनं माझ्या गालावरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली.

कामट्या सुटल्या तेव्हा पाय काडीसारखा बारीक झाला होता, पण सरळ होता. पंधरा दिवसांनी मी वांग्यांचं टोपलं घेऊन स्वतः चालत तिच्या घरी गेले. सासूबाईही आल्या. मी हट्टच धरला, की आज अख्खा डाव खेळायचा. मोहरे दोन्हीकडं रांगेनं मांडले. खाला बराच वेळ त्या भरल्या पटाकडं बघत बसली.

"सगळे आपापल्या घरात. कोनाचं कोनाशी भांडन नाही," ती म्हणाली. "आता काय करायचं वं?"

मलाही ठाऊक नव्हतं. मी एक प्यादं सरकवलं, तिनं एक सरकवलं. सासूबाई दोघींनाही चुका सांगत होत्या. दहाव्या-बाराव्या चालीला खालाचा वजीर माझ्या उंटाच्या तोंडात आला आणि मी तो उचलला. पदर तोंडाला लावून ती इतकी हसली की बाहेर पाणी भरणारी तिची सून डोकावून बघायला आली.