सकुबाईचा हात आणि तांब्याचा हंडा

बोलणाऱ्या माणसापेक्षा न बोलणाऱ्याचं दुखणं सकुबाईला लवकर कळायचं. तान्हं मूल रडायला लागलं की घरातल्या चार बाया चार औषधं सांगत. सकुबाई आधी नुसती बघत बसे. मुठी आवळल्यात का, पाय पोटाशी घेतंय का, की एकच कान वाकळीवर घासतंय? मग म्हणे, "पोट नाय गो, कान हाय." आणि बहुतेक वेळा कानच निघे.

किन्हवली तिचं माहेर, शहापूर सासर. नवरा गेल्यापासून ती सुईणपण करत होती, त्याला पंधरा वर्षं झाली होती. दोन्ही गावांतल्या बाया तिच्याबद्दल एकच सांगत, 'सकूचा हात हलका.' सुईणीजवळ ना कागद असतो ना पाटी. असतं ते एवढंच, हाताचं नाव.

सकाळी ती डॉक्टर केतकरांच्या दवाखान्यात झाडलोट करी, पाणी भरी. अठ्ठावन्न साली डॉक्टरांनी मुंबईहून काचेची मोठी पेटी आणली आणि ओसरीवर बाकासमोर मांडली. तळाला वाळू, दोन गोटे, थोडी हिरवी पानं आणि आत सहा सोनेरी मासे. पंधरा दिवस लोक खोकला विसरून दवाखान्यात येत होते.

"खायाचे नायत, तर मग ठेवलेत कशाला?" एका म्हाताऱ्याने विचारलं.

"तुला तरी घरात कशाला ठेवलाय?" यमाजी कंपाउंडर पुड्या बांधता बांधता म्हणाला. यमाजी मुरबाडकडचा. औषध गोड करून देई, जीभ मात्र तिखट.

पेटीचं पाणी बदलणं सकुबाईकडे आलं. डॉक्टरांनी पुस्तक वाचून रीत ठरवून दिली होती. रविवारी विहिरीचं पाणी भरून ठेवायचं, सोमवारी पेटीतलं निम्मं पाणी काढून ते घालायचं. ओसरीवर मातीचा रांजण होता, त्यात ती पाणी ठेवी. दोन महिने सगळं सुरळीत चाललं. मासे तिची सावली पडली की काचेशी येत आणि तिलाही नकळत त्यांच्याशी बोलायची सवय लागली.

दिवाळीच्या आगेमागे रांजणाला तडा गेला. डॉक्टरांच्या आई, अंबूबाई, माळ्यावरचा तांब्याचा हंडा घेऊन आल्या.

"ह्यात भरत जा गं सकू. तांब्यातल्या पाण्यासारखं शुद्ध पाणी नाही. मुक्या जिवांना चांगलं पाणी पाजलं की पुण्य लागतं."

हंडा काळा पडला होता. मोठ्या बाईंनी विश्वासाने दिलेलं भांडं, म्हणून सकुबाईने चिंच आणि राख घेऊन तो असा घासला की त्यात तोंड दिसावं. पुढे दर रविवारी घासायची, भरायची आणि ओसरीच्या उन्हात तो झगमगला की क्षणभर मागे सरून बघायची.

पहिल्याच सोमवारी मासे वेड्यासारखं करू लागले. पाणी घालून ती पेटी पुसत होती, तेवढ्यात एक मासा सुळकन खाली गेला, गोट्यावर कूस घासली आणि तसाच उसळून वर आला. मग दुसरा, मग तिसरा. जो तो वाळूवर, गोट्यावर अंग घासतोय. पर अंगाशी मिटलेले, मध्येच शहारल्यासारखा झटका. दोघे तर पाण्याच्या वर तोंड काढून मटामटा हवा घेत होते. गुरुवारपर्यंत सगळे निवळले. पुढच्या सोमवारी पुन्हा तेच. तिसऱ्या सोमवारनंतर दोन मासे उताणे तरंगले.

"अंगावर बारीक किडे झाले असतील. माशांची खरूजच म्हणायची," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी पेटीत मीठ टाकलं.

यमाजीचं निदान वेगळं होतं. बाकावर दहा माणसं बसलेली असताना तो म्हणाला, "सकुबाई पाणी घालते त्याच दिशी हे तडफडतात. हात बघ बाय तुझा!"

लोक हसले. यमाजीही हसला नि विसरून गेला. पण बाकावर किन्हवलीची रखमी बसली होती, खोकल्याचं औषध न्यायला आलेली. ती हसली नाही. तिची सून लहानी नववा महिना लागून घरात होती आणि बाळंतपण सकुबाईने करायचं, हे तिसऱ्या महिन्यापासून ठरलेलं होतं.

सकुबाईने विचारलं, "लहानी बरी हाय ना गो? मी येऊन पोट बघून जाते."

रखमी पदराशी चाळा करत म्हणाली, "बघू. तिची आय म्हनते, मुरबाडची सुईन बोलवू."

त्या दिवशी सकुबाईने ओसरी दोनदा झाडली. पहिल्यांदा झाडल्याचं तिला आठवतच नव्हतं. एक घर गेलं की दुसरं जाणार. एस्टीपेक्षा बोलणं लवकर पोचतं. पण तिला त्याहूनही वाईट छळत होता तो एक प्रश्न. खरंच आपल्या हातात काही आलंय का? उद्या तोच हात नव्या जिवाला लावायचा.

तिने तान्ह्या मुलापुढे बसावं तशी पेटीपुढे बैठक मारली. ओढ्यातले मासे तिने लहानपणापासून पाहिले होते. तिथेही एखादा मासा दगडाला अंग घासतो. पण तो एकटा घासतो, आणि पुन्हा पुन्हा त्याच जागी, जिथे जळू-किडा चिकटलेला असतो. मग चार दिवसांनी दुसऱ्याला लागण. इथे उरलेले चौघे एकदम घासत होते, तेही सगळं अंग, आणि पाणी घातल्यावर अर्ध्या घटकेत. खरूज काय सोमवार बघून येते?

"डाक्टरसाहेब," ती म्हणाली, "एकच पोर खाजवलं तर त्याचं अंग बघायचं. घरातली सगळीच पोरं खाजवाय लागली तर गोधडी बघायची."

डॉक्टरांनी चष्मा वर केला. "म्हणजे?"

"म्हंजे दुखणं माशांत नाय. बाहेरनं येतंय."

पुढच्या सोमवारी तिने हंडा यमाजीच्या पुढ्यात ठेवला. "आज तू घाल रे पाणी. तुझा हात तर चांगला हाय ना?"

यमाजीने मिशीत हसत पाणी ओतलं. मासे तसेच घासू लागले. यमाजीची मिशी खाली आली. "पन भरलंस तूच ना?" तो पुटपुटला, पण आधीसारखा जोर नव्हता.

हातावरचा आळ सुटला. मग उरलं काय? विहीर तीच, पेटी तीच. बदललं ते एकच. सकुबाई रिकाम्या हंड्यापाशी गेली, तळाचं राहिलेलं पाणी ओंजळीत घेऊन जिभेला लावलं आणि तोंड वाकडं केलं. कळकलेल्या ताकाची चव! कल्हई उडालेल्या भांड्यात ताक राहिलं की ते कळकतं, माणसाला ओकाऱ्या होतात, हे कोणत्या बाईला ठाऊक नाही? पण पाणी कळकतं असं कुणी ऐकलं होतं? तिने हंड्याच्या काठाच्या दुमडीत बोट फिरवलं. बोटावर चिंचेचा चोथा आला, हिरवागार झालेला.

तिला कळलं. काठात चिंच अडकलेली. ती चिंच तिचीच. हंडा तिनेच घासला होता, चमकावा म्हणून, दर रविवारी. आता हे सांगायचं कसं? गप्प राहून नवा रांजण आणला असता तर मासे बरे झाले असते आणि कुणाला काही कळलंही नसतं.

पुढच्या सोमवारी तिने डॉक्टरांकडून औषधाच्या दोन रिकाम्या बरण्या मागून घेतल्या. एकीत हंड्यातलं पाणी, दुसरीत शेजारी ठेवलेल्या मातीच्या माठातलं. दोन्ही एकाच विहिरीचं, दोन्ही रविवारी भरलेलं. दोन्ही तिने स्वतः, सगळ्यांसमोर ओतलं. बाकावर रखमी होतीच. खोकला काही हटत नव्हता. दोन बरण्यांत दोन मासे सोडले. बाकावरची माणसं उठून गोळा झाली. अंबूबाईही आतून आल्या.

माठातल्या पाण्यातला मासा दोन फेऱ्या मारून पर पसरून स्थिर झाला. हंड्यातला थोडा वेळ फिरला आणि मग काचेवर कूस घासू लागला. एकदा, दोनदा. शहारला.

"काढा त्याला, पुरे!" डॉक्टर म्हणाले आणि मासा त्यांनी स्वतःच माठाच्या पाण्यात टाकला.

"म्हणजे माझ्या हंड्याचा दोष?" अंबूबाईंचा आवाज चढला. "पन्नास वर्षं ह्या घराने त्यातलं पाणी प्यायलंय!"

"हंड्याचा नाय, मोठ्या बाई." सकुबाईने हंड्याच्या काठात पुन्हा बोट फिरवलं आणि चोथा लागलेलं ते बोट पुढे केलं. "चिंच मी घासली, काठात ऱ्हायली, तांबं पान्यात उतरलं. दोन मासे मेले ते माज्या हातानंच. आन आपलं कसं हाय, आपन दोन घोट पितो नि भांडं खाली ठेवतो. ह्यांना त्यातच ऱ्हायचं असतं. डोळे उघडे ठेवून."

डॉक्टरांनी ते हिरवं बोट उजेडात धरून नीट पाहिलं आणि म्हणाले, "हे माझ्या पुस्तकात असायला हवं होतं." अंबूबाईंनी हंडा उचलला. "देवघरात राहील," एवढंच म्हणाल्या. त्याच संध्याकाळी गड्याबरोबर त्यांनी नवा रांजण पाठवला.

रखमी औषधाची बाटली घेऊन निघून गेली. सकुबाईने तिला पाठमोरी पाहिलं. आपणच आपल्या तोंडाने सांगितलं, 'माज्या हातानंच.' आता काय राहिलं?

नऊ दिवसांनी, भर दुपारी, रखमी एस्टीतून उतरली ती घाम पुसतच. "चल गो, लहानीला कळा लागल्यात."

"मुरबाडची नाय आली?"

"बोलावलीच नाय." रखमीने क्षणभर इकडे तिकडे पाहिलं. "हात वाईट नसतो कुनाचा. पन चुकल्यावर पदराखाली लपवनारा हात मला घरात नको. तुजा उघडा दिसला."

किन्हवलीला पोचल्यावर सकुबाईने हात धुवायला पाणी मागितलं. चुलीवर भलंमोठं मडकं उकळत होतं. घरातला तांब्याचा बंब मात्र अंगणात उपडा पडलेला.

"मातीच्यात तापवलंय," रखमी मोठ्या अभिमानाने म्हणाली. "चिंच तर घरातनंच बाहेर काढली."

आत कळा देणारी लहानीही हसली. सकुबाईने कोपरापर्यंत हात धुतले आणि म्हणाली, "अगो खुळे, नातू येतोय, मासा नाय!"

तिन्हीसांजेच्या आत मुलगी झाली. सकुबाईने तिला पुसलं, मांडीवर घेतलं आणि मुठी उघडतायत का ते बघत बसली.